‘डेप्थ ऑफ फील्ड’ बंद केल्याने ग्राफिक्स कार्ड थंड राहतेच असे नाही

उन्हाळ्यात गेममधील ‘डेप्थ ऑफ फील्ड’ हा फोकसबाहेरचे भाग पुसट दाखवणारा पर्याय बंद ठेवला की ग्राफिक्स कार्ड (संगणकातील चित्र तयार करणारा भाग) थंड राहते आणि धूसर दिसणारे सगळे चित्र स्पष्ट होते, असा संदेश नागपुरातील गेम खेळणाऱ्या मुलांमध्ये फिरत आहे. मे महिन्यात पारा 45 अंशांवर जाणाऱ्या या शहरात तो सहज पटतो, म्हणून हा खुलासा.

हा परिणाम दृश्य रेखाटून झाल्यावर दिला जातो. प्रत्येक बिंदू कॅमेऱ्यापासून किती अंतरावर आहे याची नोंद गेमकडे असते आणि फोकसमधील वस्तू वगळून तिच्या पुढचे-मागचे भाग त्या नोंदीनुसार पुसट केले जातात. तो बंद केल्यास तेवढे काम वाचते, हे खरे. परंतु दर सेकंदाला काढल्या जाणाऱ्या फ्रेमच्या (चित्रांच्या) संख्येवर मर्यादा नसेल, तर वाचलेल्या वेळेत कार्ड अधिक फ्रेम काढते आणि साधारण पूर्वीइतकेच तापते. उष्णता खरोखर कमी करायची असेल, तर सेकंदाला 60 फ्रेम अशी मर्यादा घालावी. कूलरचा ओलसर झोत मात्र थेट संगणकावर सोडू नये, हे आग्रहाने सांगावेसे वाटते.

संपूर्ण पडदाच पुसट दिसत असेल, तर कारण बहुधा कमी ठेवलेले रेंडर रिझोल्यूशन (गेम किती बिंदूंत चित्र रेखाटतो ते) किंवा वस्तूंच्या दातेरी कडा गुळगुळीत करणारे अँटी-एलायझिंग असते. कॅमेरा वळवतानाच चित्र फिसकटत असेल, तर ‘मोशन ब्लर’ हा वेगळा पर्याय तपासावा. केवळ दूरचे किंवा अगदी जवळचे भाग पुसट असतील, तरच ‘डेप्थ ऑफ फील्ड’ बंद केल्याचा उपयोग होईल.