देणगी न दिल्याने मुलांची मदत बंद होते, हा प्रचार थांबवा

गेल्या आठवड्यात रात्री अकरा वाजता माझ्या भाचीने मला एक लांबलचक मजकूर पाठवला आणि त्याखाली एकच ओळ लिहिली, “मावशी, पाचशे डॉलर भरूनच टाकते, उगाच धोका नको.” अमेरिकेतील मराठी पालकांच्या गटांमध्ये हा मजकूर सध्या सर्वत्र फिरतो आहे. तेथील इंडिपेंडंट स्कूल, म्हणजे स्वतःच्या विश्वस्त मंडळाने चालवलेल्या ना-नफा खासगी शाळा, ‘ॲन्युअल फंड’ म्हणून जी देणगी मागतात ती छुपी फी आहे, ती न देणाऱ्याच्या मुलाची फायनान्शियल एड, म्हणजे फीमधील सवलतीची मदत, पुढच्या वर्षी बंद होते, आणि म्हणून ती मुकाट्याने द्यावी, नाही तरी करात वजावट मिळतेच, असे त्यात ठामपणे लिहिले आहे. देणगी गोळा करणाऱ्याला टक्केवारी मिळते, एन्डाउमेंटचे, म्हणजे शाळेच्या कायम निधीचे, कोट्यवधी डॉलर शाळा दाबून ठेवतात, मदत घेणारी मुले इतरांच्या फीवर शिकतात आणि शाळा शेवटी धनाढ्यच चालवतात, हे त्यातील पुढचे मुद्दे. अशाच एका शाळेच्या ॲडव्हान्समेंट ऑफिसात, म्हणजे देणग्या जमवणाऱ्या विभागात, मी नऊ वर्षे देणग्यांच्या नोंदी ठेवल्या आहेत. भाचीची मुलगी निम्म्याहून कमी फी भरून शिकते आणि ते पाचशे डॉलर तिने हिवाळ्यातल्या हीटिंगच्या बिलांसाठी बाजूला ठेवले होते, त्यामुळे गप्प बसणे मला शक्य नाही.

पहिला मुद्दा स्वतःलाच छेद देणारा आहे. सक्तीची रक्कम आणि करात वजावट मिळणारी देणगी या दोन गोष्टी एकत्र नांदूच शकत नाहीत. अमेरिकेच्या आयआरएस या कर खात्याने 1983 साली ‘रेव्हेन्यू रूलिंग 83-104’ हा निर्णय नेमका याच प्रश्नावर दिला आहे. देणगीच्या बदल्यात प्रवेशाची हमी मिळत असेल, देणगी विशिष्ट विद्यार्थ्याच्या नावे राखली जात असेल, किंवा ऐपत असून न देणाऱ्याच्या मुलाला दुसरे कोणतेही कारण न देता प्रवेश वा पुनःप्रवेश नाकारला जात असेल, तर ती रक्कम देणगी न मानता फी समजली जाते. पालकांवर अवाजवी दबाव आणणे आणि प्रवेशप्रक्रियेतच देणगीचे आवाहन करणे, या गोष्टीही तेथे शाळेच्या विरोधात मोजल्या जातात. म्हणजे देणगी न देणाऱ्या पालकाच्या मुलीचे नाव कापणारी शाळा आपल्या सगळ्याच देणगीदार पालकांची वजावट धोक्यात घालते, आणि इतका उघड तोटा कोणतेही शहाणे विश्वस्त मंडळ ओढवून घेणार नाही.

फायनान्शियल एड पालकांचे उत्पन्न, मालमत्ता आणि करविवरणपत्रे पाहून ठरते. आमच्या शाळेत मदतीच्या फायली वेगळ्या विभागाकडे असत आणि त्या मला उघडताही येत नसत. माझ्या पडद्यावर देणगीची तारीख, रक्कम आणि कोणत्या निधीसाठी ती आली एवढेच दिसे. तेथे दहा डॉलरच्या चेकची नोंद दहा हजारांच्या चेकइतकीच काळजीने होई, कारण बाहेरच्या संस्था आणि मोठे देणगीदार रकमेआधी ‘किती पालकांनी सहभाग घेतला’ हे विचारतात. मदत घेणाऱ्या घरांनाही आवाहनाचे पत्र जाते ते याच कारणाने. त्या पत्रात ‘प्रत्येक कुटुंबाचा सहभाग अपेक्षित’ असे लिहिले जाते तेव्हा भाचीसारखी आई घाबरते, हे मात्र मी नाकारणार नाही, आणि त्याचा दोष शाळेच्या प्रमुखाकडे जातो. पत्रावर सही त्याची असते. न दिल्यास काहीही बिघडणार नाही, हे वाक्य त्याने स्वतः लिहायला हवे.

टक्केवारीची गोष्ट निखालस खोटी आहे. निधी उभारणाऱ्या व्यावसायिकांच्या संघटनेची, एएफपीची, आचारसंहिता जमलेल्या रकमेवर कमिशन घेण्यास स्पष्ट मनाई करते. एन्डाउमेंटचेही तसेच आहे. ती गुंतवलेली रक्कम असते, तिचा साधारण चार-पाच टक्के भाग दरवर्षी खर्चासाठी काढला जातो आणि बराच भाग देणगीदाराच्या अटींनी बांधलेला असतो. ग्रंथालयासाठी दिलेल्या पैशातून शिक्षकांचे पगार करता येत नाहीत.

‘इतरांच्या फीवर शिकणारी मुले’ हे वाक्य मला सर्वांत जास्त लागले, कारण ते वाचून एखाद्या मुलाला वर्गात मान खाली घालावी लागू शकते. या शाळांपैकी बहुतेकींत एका विद्यार्थ्यामागचा खर्च पूर्ण फीपेक्षाही जास्त असतो आणि मधली तफावत ॲन्युअल फंड व एन्डाउमेंटच्या उत्पन्नातून भरली जाते. त्यामुळे एक डॉलरचीही सवलत न घेणाऱ्या घरातील मूलसुद्धा कोणाच्या तरी देणगीवर शिकत असते. अशाच शाळांपैकी फिलिप्स अँडोव्हरने 2007 साली आणि फिलिप्स एक्सेटरने 2021 साली पालकांची ऐपत न पाहता प्रवेश देण्याचे जाहीर केले, तेही पिढ्यान्‌पिढ्या साठलेल्या देणग्यांच्या बळावर.

शाळा धनाढ्यच चालवतात, या शेवटच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, आणि ते मी नाइलाजाने मान्य करते. मोठे देणगीदार विश्वस्त मंडळावर जातात. देणगी मागण्याआधी पालकांची घरे आणि नोकऱ्या पाहून त्यांची ऐपत जोखली जाते. ते काम मीही केले आहे. शाळाप्रमुखाच्या घरच्या जेवणाचे आमंत्रण ठरावीक कुटुंबांनाच जाते, आणि मदत घेणाऱ्या पालकाला मंडळाच्या बैठकीत खुर्ची मिळाल्याचे मी क्वचितच पाहिले. ही विषमता खरी आहे. रकमेच्या उतरंडीने नावे छापण्याऐवजी सर्वांची नावे वर्णानुक्रमे छापणे आणि मंडळात निवड करताना चेकबुकापलीकडे पाहणे, हे निर्णय प्रमुख आणि विश्वस्तच घेऊ शकतात, आणि पालकांनी त्यांच्याकडे ते मागायला हवेत. या मजकुराने त्या मागणीऐवजी गरजू आईच्या मनात भीती घातली, हा माझा खरा राग आहे.

भाचीला मी पाचशे डॉलर भरू दिले नाहीत. मदतीचा अर्ज दरवर्षी नव्याने करावा लागतो आणि मुदत चुकली तर मात्र खरोखरच अडचण होते, म्हणून शाळेच्या पत्रातील अंतिम तारीख तिला फोनवर मोठ्याने वाचायला लावली आणि करविवरणपत्राची प्रत त्याच रात्री काढून ठेवायला सांगितले.