फोन काढून घेऊ नका

"मावशी, आईला सांगू नकोस. ती फोन काढून घेईल."

भाची हे म्हणाली तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. कुणीतरी तिचा फोटो लावून खोटं अकाउंट काढलं होतं आणि वर्गातलीच मुलंमुली त्याखाली हसत होती. मला दाखवतानाही तिने एक कमेंट अंगठ्याखाली झाकून धरली होती. तीन आठवडे हे चालू होतं. ती घरात जेवत होती, अभ्यास करत होती, आणि कुणाला पत्ताच नाही!

मला त्या कमेंटपेक्षा हे तीन आठवडे जास्त लागले. छळणाऱ्याइतकीच तिला आमचीही भीती वाटत होती. आपण काळजीपोटी फोन काढून घेतो, पण छळणाऱ्याचा फोन त्याच्याच हातात राहतो आणि शिक्षा भोगते आपली पोर.

चूक माझ्याकडूनही झाली. संतापाच्या भरात म्हटलं, "सगळं डिलीट कर, ब्लॉक कर." तिने केलं. सकाळपर्यंत ते अकाउंटही गायब. शाळेत दाखवायला हातात काहीच उरलं नाही. म्हणून कळवळून सांगते, आधी स्क्रीनशॉट घ्या, त्यात अकाउंटचं नाव, तारीख, वेळ दिसू द्या. लिंक जपून ठेवा. मग रिपोर्ट, मग ब्लॉक. ब्लॉक केल्यावर समोरचा आणखी चवताळेल असं वाटत असेल तर इन्स्टाग्रामवर २०१९ पासून 'रिस्ट्रिक्ट' आहे. तुमच्या पोस्टवरची त्याची नवी कमेंट मग फक्त त्यालाच दिसते, आणि तसं केल्याचं त्याला कळवलं जात नाही.

खाजगी फोटो पसरवायची धमकी आली तर पैसे देऊ नका, आणखी फोटो तर मुळीच नाही. एकदा दिलं की मागणं वाढतच जातं. फोटो काढला तेव्हा वय १८ च्या आत असेल तर 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा आहे. तिथे फोटो कुणाला पाठवावा लागत नाही. तुमच्याच फोनवर त्याचा आकड्यांचा ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्यावरून तो फोटो शोधून हटवू शकतात. मोठ्यांसाठी अशीच 'स्टॉपएनसीआयआय' आहे. आणि पोरांनो, फोटो पाठवला म्हणून धमकी सोसायची पाळी तुमची नाही. गुन्हा धमकावणाऱ्याचा आहे.

त्या रात्री मी भाचीला म्हटलं, "आईला सांगूया, पण दोघी मिळून." ताईने सगळं ऐकलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग फोन उचलला, चार्जिंगला लावला आणि लेकीच्या उशाशी ठेवला.