ताप उतरला म्हणजे सुटलो असं नाही

'ताप उतरला की पेशंट बरा व्हायला लागला समजा' हे तुमच्या डेंग्यूवरच्या लेखातलं वाक्य काय पटलं नाही बुवा, डेंग्यूत खरी काळजी तिथूनच सुरू होते. माझा थोरला भाऊ सांगलीत विश्रामबागला राहतो, पाचव्या दिवशी ताप गेला म्हणून उठून बसला, वहिनीनं मऊ भात केला, आम्ही सगळे निवांत आणि संध्याकाळी पोटात कळा, चार उलट्या, हातपाय गार. रिक्षानं मिरजेला नेला. डॉक्टर म्हणाले ताप उतरताना 24 ते 48 तास धोक्याचे, रक्तातलं पाणी नसांतून बाहेर झिरपतं, बीपी पडतं. आम्ही आपले प्लेटलेटचा आकडा धरून बसलेलो (पपईच्या पानांचा रस घेऊन दोन पाहुणे हजर!), डॉक्टर मात्र हिमॅटोक्रिट (रक्त किती घट्ट झालंय ते सांगणारा आकडा) बघत होते आणि दर वेळी एकच प्रश्न, लघवी किती झाली?

सलाईनवर सावरला, पण पुढं तीन आठवडे जिना चढला तरी दम लागायचा, त्या अशक्तपणाबद्दल लेखात एक ओळ नाही. अंगदुखीला मेडिकलमधून आयबुप्रोफेन घेऊ नका, पॅरासिटामॉलच, हे लिहिलंत ते मात्र बरं केलंत, आमच्याकडं पहिल्या दिवशी तीच चूक झालेली.