सूप गरम, स्वयंपाकी गार

थंडी पडली की घरातल्या प्रत्येकाला काहीतरी गरम, वाफाळते आणि हिरव्या पानांच्या वासाचे खावेसे वाटते. ते कोणी करायचे याविषयी आमच्याकडे वाद होत नाही, कारण त्या वादाचा निकाल फार पूर्वीच माझ्याविरुद्ध लागलेला आहे. पांघरुणात गुरफटून बसलेल्या माणसाला सूप ही अत्यंत उबदार कल्पना वाटते, आणि ती तशी असतेही. फक्त ती वाडग्यापर्यंत पोहोचण्याआधी कोणाला तरी पांघरुणाबाहेर पडून, बाह्या कोपरापर्यंत सारून, नळाच्या गार पाण्यात हात घालावे लागतात, हा तपशील पाककृती लिहिणारे कधीही लिहीत नाहीत. ‘पाने स्वच्छ धुऊन घ्यावीत’ एवढ्या चार शब्दांत ते सारे उरकतात.

ही धुलाई प्रत्यक्षात अशी असते. जुडी नळाखाली धरून भागत नाही, कारण माती पानांच्या बेचक्यांत दडून बसलेली असते. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन त्यात पाने सैल सोडायची, हाताने हलकेच खळबळायची, माती तळाशी बसू द्यायची आणि मग पाने वरच्या वर उचलून घ्यायची. पातेले सरळ चाळणीत उपडे केले तर खाली बसलेली माती पुन्हा पानांवरच येते, त्यामुळे हात घालूनच पाने काढणे भाग पडते. आणि पाणी चांगले गरम करून घ्यावे म्हटले तर कोवळी पाने तिथेच माना टाकतात. पानांची तब्येत सांभाळायची तर बोटांची आशा सोडायची, असा हा व्यवहार आहे.

त्यानंतर थाईम या परदेशी सुगंधी पाल्याची पाळी येते. ज्याने ही वनस्पती स्वयंपाकात आणली, त्याने ती उन्हाळ्यात आणली असली पाहिजे. तिचे पान उणेपुरे चार-पाच मिलिमीटरचे. काडीचा शेंडा एका हाताच्या चिमटीत धरायचा आणि दुसऱ्या हाताची दोन बोटे बुडख्याच्या दिशेने, म्हणजे पाने वाढली त्याच्या उलट, सरसर ओढत न्यायची, की पाने आपोआप गळून पडतात असे सांगतात. काडी कोवळी असेल तर पानांऐवजी शेंडाच तुटून हातात येतो. काडी जून असेल तर पाने निघतात खरी, पण ती खाली पडण्याऐवजी ओल्या बोटांना चिकटतात. उजव्या हाताची पाने डाव्या हाताने काढावीत, तर ती डाव्या हाताला चिकटतात. बोटे बधिर झालेली असल्याने पान सुटले की नाही हे स्पर्शाने कळत नाही, ते डोळ्यांनी पाहावे लागते, आणि तोवर शेगडीवरच्या पातेल्याची वाफ चष्म्यावर बसलेली असते.

एवढे करून निवडलेली पाने एकदम पातेल्यात लोटता आली असती तरी मी तक्रार केली नसती. पण पानांना वेळापत्रक असते. रोझमेरी, थाईम, सेज ही चिवट पाने. त्यांच्यातली सुगंधी तेले सावकाश उतरतात, म्हणून ती आधी घालून मंद आचेवर मुरू द्यावी लागतात. कोथिंबीर, पुदिना, पार्सली, तुळशीच्या कुळातले बेसिल ही मंडळी नाजूक. त्यांचा सुगंध उकळीत चटकन उडून जातो आणि मागे उरतो तो काळपट हिरवा चोथा, म्हणून ती आच बंद केल्यावरच घालायची. त्यामुळे चूल सोडून उबेत जाऊन बसणे स्वयंपाक्याच्या नशिबी नसते. चुलीजवळ ऊब असते ना, असे कोणी म्हणेल. असते, पण फक्त पुढून. पाठ खिडकीकडे असते.

थंडीत आमच्याकडे मुक्कामाला येणारी आत्या या सगळ्यावर खुर्चीत बसून देखरेख करते. तिने तोंडापर्यंत शाल ओढून घेतलेली असते, तरी सूचना त्यातून स्पष्ट ऐकू येतात. “अरे, झाकण काढ की जरा, घरभर वास सुटू दे!” ही तिची आवडती आज्ञा. आता सुगंधी तेले ही बाष्पनशील असतात आणि वाफेबरोबर निघून जातात, म्हणजे घरभर सुटलेला घमघमाट हा मुळात पातेल्यातून पळालेला माल असतो, हे मी तिला समजावून पाहिले. बाहेरच्या खोलीतून “वा, काय वास सुटलाय!” अशी दाद येते तेव्हा इतरांना ती प्रशंसा वाटते, मला ती चोरीची वर्दी वाटते. आत्याचे म्हणणे असे की वास आलाच नाही तर भूक कशी लागणार. या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नाही, त्यामुळे झाकण अर्धे उघडे राहते.

तिचा दुसरा आग्रह ताज्या पानांचा. वाळवलेली पाने ती ‘बाटलीतला भुसा’ या नावाने ओळखते आणि मी बाटलीकडे नुसते पाहिले तरी घसा खाकरते. वास्तविक सगळीच वाळलेली पाने टाकाऊ नसतात. कोथिंबीर, पार्सली, बेसिल वाळल्यावर जवळजवळ नामधारी उरतात हे खरे, पण ओरेगॅनो, थाईम, रोझमेरी वाळूनही आपला वास राखून असतात. पाणी निघून गेल्याने तर चव एकवटते, म्हणून ताजी पाने एक मोठा चमचा लागत असतील तिथे वाळलेली एक छोटा चमचा पुरतात. आणि सुंठीचे काय? आले वाळताना त्यातल्या जिंजेरॉल या तिखट द्रव्यापासून शोगाऑल हे दुसरे द्रव्य तयार होते आणि ते मूळच्यापेक्षा जास्त झणझणीत असते. आत्याला हे सारे मान्य आहे, फक्त सूप तिला ताज्या पानांचे हवे आहे.

मग उरलेल्या काड्या दोऱ्याने बांधून त्यांची जुडी पातेल्यात सोडायची, म्हणजे शेवटी एकत्र उचलता येते. बधिर बोटांनी ओल्या काड्यांभोवती गाठ मारणे हा प्रकार ज्याने केला नाही, त्याला मी काही सांगू शकणार नाही. त्या जुडीत एक मोठे, ताठ पान असते. बे लीफ असो की तमालपत्र, कितीही शिजवले तरी ते मऊ पडत नाही आणि त्याच्या कडा घशाला टोचू शकतात, म्हणून ते वाढण्यापूर्वी काढायचेच असते. तरीही ते जुडीतून निसटते आणि बरोबर आत्याच्या वाडग्यात जाऊन पडते. भरल्या पातेल्यातून त्याला तिचाच वाडगा कसा सापडतो हे मला आजवर उमगलेले नाही. ती ते चमच्याने उचलून, सगळ्यांना दिसेल असे, ताटलीच्या काठावर ठेवते. बोलत काही नाही.

आणि आता खरा परीक्षेचा क्षण. सूप कशासाठी केले? घरात सर्दी झाली म्हणून. चव ज्याला आपण म्हणतो तिचा फार मोठा भाग वास असतो. घास तोंडात असताना त्याचा वास घशाच्या मागच्या बाजूने वर नाकात पोहोचतो. जिभेला तेवढे गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (मांसाच्या रश्शासारखी चव) कळते. त्यामुळे ज्यांची नाके चोंदलेली आहेत, अशा पाच-सहा माणसांपुढे मी ताज्या थाईमचे सूप ठेवतो आणि पहिल्या घोटानंतर एकमुखाने निकाल येतो, “मीठ ठीक आहे.” ज्या पानांपायी बोटे निकामी झाली, त्यांचा उल्लेख कोणाच्याही तोंडून येत नाही. आले आणि मिरे मात्र सर्वांना जाणवतात, कारण त्यांचा तिखटपणा वासाच्या वाटेने जातच नाही; उष्णता आणि वेदना ओळखणाऱ्या चेतातंतूंना तो थेट चेतवतो. मिरचीतल्या कॅप्सेसिन या तिखट द्रव्याच्या आधाराने, चेतातंतूवर उष्णता टिपणारा रेणू म्हणजे उष्णतेचा ग्राहक शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पुदिन्यातले मेन्थॉल अशाच रीतीने गारव्याच्या ग्राहकाला चेतवते, त्यामुळे कढत सूप पिताना आत्याला नाकात एकदम गार वाटते आणि ती मला म्हणते, “अरे, सूप गरम का नाही केलंस?”

ब्रिटनमधल्या कार्डिफच्या कॉमन कोल्ड सेंटर या सर्दीचा अभ्यास करणाऱ्या केंद्रातले एक संशोधन २००८ साली प्रसिद्ध झाले. सर्दीच्या रुग्णांना फळांच्या रसाचे तेच पेय कोणाला गरम, कोणाला साधे दिले. नाकातून हवा किती खेळते यात मोजण्याजोगा फरक पडला नाही, पण गरम पेय घेणाऱ्यांना घसादुखी, हुडहुडी आणि थकवा यांतही लगेच आराम वाटला. त्या पेयात थाईमचे एकही पान नव्हते. हे संशोधन मी घरात सांगितलेले नाही. आजवरच्या सुपांचे श्रेय त्या मंडळींनी बिनदिक्कत गॅसच्या शेगडीला देऊन टाकले असते.

परवा जेवण आटोपल्यावर आत्या म्हणाली, “चांगलं झालं होतं हो, पण पानं थोडी जास्त हवी होती.” मी काही न बोलता उरलेली जुडी आणि गार पाण्याचे पातेले तिच्यापुढे ठेवले. तिने शालीतून हात बाहेर काढला, पाण्यात बुडवला, लगेच वर घेतला आणि एक काडी ओरबाडून पाहिली. शेंडा तुटून तिच्या हातात आला. तिने तो नीट न्याहाळला, बोटे शालीला पुसली आणि म्हणाली, “एवढ्या-तेवढ्यासाठी कशाला रे ताजी पानं? बाटलीतली आहेत ना घरात?”