लाकडी आंबा, ओठाला लागलेला रंग आणि दुकानदाराचं उत्तर

शनिवारी सावंतवाडीच्या मोती तलावाच्या कट्ट्यावर वाद पेटला तो एका लाकडी आंब्यावरून.

आमच्यातला भाई चितारआळीत लाकडी खेळण्यांच्या एका दुकानात काउंटर सांभाळतो. त्याने येता येताच हकीकत सांगायला सुरुवात केली. आंबोलीला मुक्कामाला असलेलं एक कुटुंब आदल्या दिवशी फळांचा सेट घेऊन गेलं होतं. कडेवर वर्षाचं मूल. आईने स्पष्ट विचारलं होतं, "हा तोंडात घालेल, रंग चालेल ना?" दुकानातल्या पोराने बेधडक सांगून टाकलं, "सगळे नैसर्गिक रंग आहेत, बिनधास्त द्या." दुसऱ्या दिवशी बाई परत आली ती मुलाच्या ओठाला पिवळा रंग लागला म्हणून. मालकाने बिलावरची ओळ दाखवली, ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ बाईने आंबा काउंटरवर ठेवला आणि एक शब्द न बोलता निघून गेली.

दाजींनी लगेच मालकाची बाजू घेतली. बँकेत आयुष्य काढलेला माणूस, पर्यटकांवर त्यांचा जुना राग आहे. "रंगवलेली वस्तू वर्षाच्या पोराच्या हातात देतंच कोण? आणि हेच लोक पुढे गोव्यात जाऊन खोलीचं भाडं मुकाट्याने देतात. इथे कारागिराच्या वस्तूचे मात्र पन्नास रुपये कमी करून मागतात. दहा डबे उघडायला लावायचे, फोटो काढायचे आणि ऑनलाइन स्वस्त मिळतं म्हणून चालतं व्हायचं. चांगली वागणूक दुकानदारानेच द्यायची काय?"

दाजींच्या बोलण्यात तथ्य आहे. हमरस्ता झाराप-पत्रादेवी बाह्यवळणाने गेल्यापासून गोव्याची गाडी सावंतवाडीत वाकडी वाट करूनच येते. जी येते तीही घाईत. मे महिना, चतुर्थीला येणारे चाकरमानी आणि दिवाळीची सुट्टी सोडली, तर काउंटरवर बसणाऱ्याने दिवसभर काय करायचं हा प्रश्नच असतो. पण बाईने भाव पाडला नव्हता. तिने एक सरळ प्रश्न विचारला होता आणि तिला खोटं उत्तर मिळालं. दाजी नेमकी हीच गोष्ट बाजूला सारत होते.

मास्तर बराच वेळ गप्प होते. चित्रकला शिकवण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांनी भाईला विचारलं, "आंबा लाखेचा होता की ब्रशने रंगवलेला?"

"ब्रशचो. फळां सगळी ब्रशचीच."

"मग नैसर्गिक रंग आला कुठून?"

मास्तरांनी समजावलं ते लिहून ठेवण्यासारखं आहे. लाखकामात लाकूड चरकावर फिरत असतं. रंगीत लाखेची कांडी त्यावर दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर पसरते, मग केवड्याच्या पानाने घासून तिला चकाकी आणतात. हे गोल, चरकावर उतरलेल्या वस्तूंना जमतं. भोवरा, पाळण्याचे दांडे, भातुकलीची भांडी. आंबा, केळं, सीताफळ यांना आकार हाताने द्यायचा आणि रंग ब्रशने चढवायचा. तो बहुतेक वेळा ऑइल पेंट असतो. ती फळं रुखवतात मांडायला, शोकेसमध्ये ठेवायला म्हणूनच घेतली जातात. त्यांची ही शोभा खरी आहे, त्यात कमीपणा काही नाही. "आणि लाखेचं असलं तरी लाखेत रंग कुठला मिसळलाय ते विचारल्याशिवाय पोराच्या तोंडात द्यायचं नाही," मास्तर म्हणाले. "त्या पोराने इतकंच सांगायला हवं होतं, हे शोभेचं आहे, बाळाला दुसरं दाखवतो. बाईने दोन्ही घेतलं असतं."

वकीलवहिनी संध्याकाळचं फिरणं संपवून आल्या आणि बिलावरच्या त्या ओळीवर घसरल्या. ती ओळ छापली म्हणून दुकानदार सुटत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत. बिल न देणं हेही त्याच यादीत येतं. दाजींचा मुद्दा असा की आंबा सदोष कुठे होता, तो शोभेचा म्हणून उत्तमच होता. "शोभेचा म्हणून विकला असता तर," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही तो तोंडात घालायचा म्हणून विकलात."

मग खेळण्यांच्या नियमाचा विषय निघाला. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह लागतं. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे. दाजी खूश झाले, "म्हणजे आपल्याला लागूच नाही!" वहिनींनी तिथेच अडवलं. सूट कारागिराला आहे. बाहेरच्या कारखान्यातून खोक्यातून आलेला माल त्याच फळीवर मांडला म्हणून त्याला ती मिळत नाही.

इथे भाईचा आवाज चढला. "गिऱ्हाईक इला काय पयलो सवाल, ‘हे सावंतवाडीचंच ना?’ नाय म्हटला तर उठान जातत. मग मी काय सांगू?" त्याच्या दुकानात तीन प्रकारचा माल आहे. आळीतल्या घरांत झालेला, कर्नाटकातल्या चन्नपट्टणहून आलेला आणि कुठून आला ते मालकालाच ठाऊक असा. तिन्ही एकाच फळीवर. सगळ्यांना एकच उत्तर, सावंतवाडीचं. पगार मालक देतो, खोटं बोलावं लागतं भाईला आणि गिऱ्हाईक परत आलं की समोर उभा असतो तोही भाईच. दिवसभर खोटं बोलायला लावलेल्या माणसाकडून हसतमुख सेवेची अपेक्षा कशी करायची?

मला यावरच ठामपणे बोलायचं होतं आणि मी बोललो. आठवण म्हणून वस्तू विकणाऱ्या दुकानात सेवा म्हणजे पाणी विचारणं, खुर्ची देणं, सुबक बांधून देणं एवढीच नसते. माणूस लाकडाबरोबर गावाचं नाव विकत घेत असतो. ही वस्तू कुणी केली, कुठे केली, कशी वापरायची, हे खरं सांगणं हीच तिथली पहिली सेवा. समोरच्या राजवाड्यात हे होतं. तिथे कारागीर गंजिफा, म्हणजे हाताने रंगवायचे खेळायचे पत्ते, रंगवत बसलेले दिसतात. दशावतारी गंजिफाची गोल पानं १२०, दहा अवतारांची प्रत्येकी बारा, त्यात राजा आणि प्रधान कुठला, हे कुणी समजावून सांगितलं की पाहणारा किंमत ऐकून दचकत नाही. इथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्वशीलादेवींनी मरायला टेकलेली ही कला उभी केली. तिच्याच नावावर आळीत कसलाही माल खपवायचा, याची मला चीड येते.

भाई म्हणाला, "मालकाक मी सांगतंय. पण चन्नपट्टणचो माल वेगळ्या फळीवर ठेवलो तर तो खपतलो कसो, ता तुम्ही सांगा."

"चन्नपट्टणचा म्हणूनच खपेल," मास्तर म्हणाले. "त्या गावालाही स्वतःचं नाव आहे, भौगोलिक मानांकन आहे. लाखकामात ते लोक पटाईत. त्यांच्या कामाला आपलं नाव लावणं हा त्यांच्यावरही अन्यायच. फळीवर तीन पाट्या लाव. इथलं, चन्नपट्टणचं, शोभेचं. तिसऱ्या मालाचा पत्ता मालकाला सांगता येत नसेल तर तो ठेवूच नये."

दाजींना पाट्या पटल्या, पैसे परत द्यायचे पटले नाहीत. वहिनींनी त्यांच्याशी वाद घालायचं सोडून भाईला विचारलं, बिलावर बाईचा नंबर आहे का? होता. भाईने कट्ट्यावरूनच मालकाला फोन लावला. आधी बरंच ऐकून घ्यावं लागलं त्याला. शेवटी, पैसे पाठवून दे म्हणाला मालक. पाट्यांचं ‘दिवाळीनंतर बघू.’

दिवाळीनंतर म्हणजे गिऱ्हाइकं येऊन गेल्यावर, हे दाजींनीच बोलून दाखवलं. सोमवारी सकाळी दुकान उघडायच्या वेळी मास्तर मालकाला भेटायला जाणार आहेत. पाट्यांवरची अक्षरं मी काढून देतो म्हणालेत. आम्हीही बरोबर जातोय, दाजीसुद्धा.