वासाने जागी झालेली आठवण खरीच असते का?

हिवाळ्यात भरिताच्या पार्ट्या सुरू झाल्या की जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: वास थेट मेंदूच्या भावनाकेंद्रात पोहोचतो, म्हणून तो विसरला जात नाही, तेथे प्रसंगाची चित्रफीत जशीच्या तशी जपलेली असते, भीती, आनंद, दुःख यांचे मेंदूत वेगवेगळे कप्पे असतात, माणूस पाहिलेल्यापैकी ५ टक्के, तर वास घेतलेल्यापैकी ३५ टक्के लक्षात ठेवतो, आणि म्हणून वासाने आलेली आठवण कधीच खोटी ठरत नाही.

पहिल्या विधानाचा अर्धा भाग बरोबर आहे. दृष्टी, श्रवण आणि स्पर्श यांचे संदेश थॅलॅमस या मेंदूच्या मध्यभागी असलेल्या केंद्रामार्गे मेंदूच्या बाह्यस्तराकडे जातात; गंधाचे संदेश मात्र नाकामागच्या गंधकंदातून, थॅलॅमसच्या आधीच, गंधाशी संबंधित बाह्यस्तराकडे आणि भावनांशी निगडित अमिग्डाला या भागाकडे पोहोचतात. परंतु या वाटेने नेमके काय जाते, हे संदेश लिहिणाऱ्याने पाहिलेले दिसत नाही. बामणोदची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजताना जो वास उठतो, त्यातील निरनिराळे रेणू माणसाच्या नाकातील सुमारे ४०० प्रकारच्या ग्राहींपैकी (वासाचे रेणू टिपणाऱ्या प्रथिनांपैकी) अनेकांना एकाच वेळी चेतवतात आणि त्या चेतलेल्या ग्राहींचा मेळ हीच त्या वासाची मेंदूतील ओळख ठरते. लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांच्या १९९१ पासूनच्या ज्या संशोधनाने हे उलगडले, त्याला २००४ चे नोबेल मिळाले. त्या मेळात मामाचा मळा नसतो की बडगीत (लाकडी भांड्यात) भरीत ठेचणारी आजीही नसते. ती जोड आठवणी घडवणारा हिप्पोकॅम्पस आणि मेंदूचे इतर भाग अनुभवातून देतात. म्हणूनच एकाला जो धूर सुट्टीतल्या सुखाची आठवण देतो, त्याच धुराने, ज्याच्या खळ्यात कधी आग लागली होती त्याच्या छातीत धडकी भरते, जरी दोघांच्याही मेंदूत अमिग्डालाकडे जाणारी वाट एकसारखीच असली तरी.

चित्रफितीच्या कल्पनेला बळ मिळाले ते वाइल्डर पेनफिल्ड या मेंदूशल्यविशारदाच्या कामातून. शस्त्रक्रियेच्या वेळी मेंदूच्या शंखखंडाला (कानशिलाजवळच्या भागाला) सौम्य वीजप्रवाह दिला असता काही रुग्णांना जुने प्रसंग पुन्हा घडत असल्यासारखे वाटले. मात्र १९६३ च्या अहवालानुसार असे अनुभव ५२० पैकी केवळ ४० रुग्णांना आले, आणि ते प्रसंग प्रत्यक्ष घडलेले होते की नव्हते, याची पडताळणी बहुधा झालीच नाही. याउलट, आठवण साठवणीतून जशीच्या तशी बाहेर येत नसून प्रत्येक वेळी नव्याने रचली जाते, हे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्येच मांडले होते. २००० मध्ये करीम नाडर आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर जे प्रयोग केले, त्यांत आवाजाशी जोडलेली भीती उंदरांना आठवून दिल्यावर लगेच त्यांच्या अमिग्डालात प्रथिननिर्मिती रोखणारे औषध सोडले, तेव्हा पुढे ती भीती ओसरली. आठवण जागी न करता तेच औषध दिले असता तसे घडले नाही. साठवलेली आठवणही जागी झाल्यावर काही काळ कच्ची होते, असे यातून दिसले.

संदेशाचा निष्कर्ष मला सर्वांत धोक्याचा वाटतो. रेचेल हर्झ आणि जोनाथन स्कूलर यांच्या २००२ च्या प्रयोगात, गंधाने जागवलेल्या आठवणी शब्दाने किंवा चित्राने जागवलेल्या आठवणींपेक्षा अधिक भावनिक ठरल्या, पण अधिक स्पष्ट ठरल्या नाहीत. भावनेची तीव्रता हा सत्याचा पुरावा होत नाही, हे गंधाशी संबंध नसलेल्या एका अभ्यासातूनही कळते. १९८६ मध्ये चॅलेंजर अंतराळयानाचा स्फोट झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी अल्रिक नायसर यांनी विद्यार्थ्यांकडून, ती बातमी कुठे आणि कशी कळली, हे लिहून घेतले. सुमारे अडीच वर्षांनी पुन्हा विचारले, तेव्हा ४४ पैकी ११ जणांचा एकही मुख्य तपशील जुळला नाही, तरी अनेकांना आपल्या आठवणीची खात्री होती. स्वतःच्या हस्ताक्षरातला कागद समोर ठेवूनही जुनी आठवण काही परतली नाही. शेताच्या बांधावरून भावाभावांत वाद होतो, तेव्हा अशाच खात्रीवर माणसे अडून बसतात, हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही.

भावनांच्या कप्प्यांविषयी एकच उदाहरण पुरे. भीतीचा कप्पा समजला जाणारा अमिग्डाला नष्ट झालेली, ‘एस. एम.’ या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी एक महिला साप-कोळ्यांना भीत नसे. पण २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण अधिक असलेली हवा हुंगताच ती घाबरीघुबरी झाली, आणि तसेच नुकसान झालेल्या आणखी दोघींचेही तेच झाले. कप्पाच उरला नव्हता, भीती मात्र आली.

राहिली टक्केवारी. टक्के काढायचे तर एकूण किती, हे आधी ठरले पाहिजे. दिवसभरात माणसाने किती वास घेतले, ते कोणी मोजले आणि किती दिवसांनी विचारले, यातले काहीच संदेशात नाही. शिवाय वास ओळखीचा वाटतो पण कशाचा ते सांगता येत नाही, हा तर रोजचा अनुभव आहे. तो लक्षात राहिलेल्यांत धरायचा की विसरलेल्यांत, एवढ्यावरही तो ३५ चा आकडा पालटेल.