एमसीबी पडतो म्हणून मोठा बसवू नये

‘एमसीबी वारंवार पडत असेल तर १६ अँपिअरच्या जागी ३२ चा बसवा, आरसीसीबी त्रास देत असेल तर तो काढून थेट जोडणी करा, बाकीचे टेस्टरने कळते, वायरमनला उगाच पैसे कशाला द्यायचे?’ अशा आशयाचा सल्ला सध्या हातोहात फिरत आहे. यातला एकही उपाय बिघाड दूर करत नाही.

पहिली गोष्ट, एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप बंद पडणारा बोर्डातला स्विच) भिंतीतल्या वायरीच्या रक्षणासाठी असतो आणि त्याचे रेटिंग तिच्या जाडीवरून ठरते. प्रवाह दुप्पट झाला की वायरीतली उष्णता चौपट होते. घरगुती पीव्हीसी वायरीचे आवरण साधारणपणे ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असते. त्यामुळे १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीवर ३२ अँपिअरचा एमसीबी बसवला, तर आवरण भाजून निघाले तरी तो पडेलच असे नाही. शिवाय, पुष्कळदा दोष लोडचा नसून एमसीबीच्याच ढिल्या स्क्रूचा असतो: तिथे जोड तापतो, ती धग आतल्या द्विधातू पट्टीला लागते आणि ती वाकून एमसीबी पाडते. स्क्रूपाशी कडक होऊन काळवंडलेले आवरण दिसले की हे ओळखता येते. अर्थात ते पाहायला बोर्ड उघडावा लागतो आणि ते काम जाणकाराचे आहे.

आरसीसीबीचे काम वेगळे आहे: वायरीतून बाहेर, म्हणजे शरीरातून किंवा जमिनीत, गळणारा प्रवाह ओळखून तो पुरवठा तोडतो. घरातला आरसीसीबी सहसा ३० मिलिअँपिअर गळतीचा असतो, तर १६ अँपिअर म्हणजे १६,००० मिलिअँपिअर. शरीरातून जाणारा जीवघेणा प्रवाह एमसीबीच्या खिजगणतीतही नसतो. गळती शोधायची तर सगळी उपकरणे प्लगसकट काढावीत, कारण एकपोली एमसीबी फक्त फेज (प्रवाह आणणारी वायर) तोडतो आणि न्यूट्रलकडची (परतीच्या वायरीकडची) गळती तशीच राहते. मग आरसीसीबी चालू करून एकेक उपकरण जोडत जावे. काहीही जोडलेले नसताना तो पडला, तर दोष बहुधा वायरिंगमध्ये असतो.

टेस्टरबद्दल एवढेच, की न्यूट्रल मागे कुठे तुटलेला असला आणि एखादा दिवा चालू राहिलेला असला, तर सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो. लोक त्याला ‘डबल फेज आला’ म्हणतात. प्रत्यक्षात दिव्यातून फिरून आलेला तो एकच फेज असतो.

राहिला वायरमनचा प्रश्न. सल्ल्यामागची चीड मला समजते, कारण न तपासता सुटे भाग बदलणारेही भेटतात. म्हणून परवाना आहे का, हे आधी विचारावे आणि कामाची रीत पाहावी: तो मेन बंद करून सप्लाय खरोखर गेल्याची मीटरने खात्री करतो का, उपकरणे काढून ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरीचे आवरण किती शाबूत आहे हे मोजणाऱ्या यंत्राने) इन्सुलेशन मोजतो का आणि आकडा सांगतो का. वायरीची जाडी न पाहताच जो पिशवीतून मोठा एमसीबी काढतो, त्याला बोर्ड उघडू देऊ नये.